कोपनहेगनपर्यंतची सोबत

आमच्या घरात प्रवासाचा रस्ता नकाशावरून ठरत नसे, सोबतीवरून ठरे. बाभुळगावहून नागपूरला जायचं असलं आणि मामा वणीला निघाले असले, तर मी वणीमार्गे नागपूर गाठायचं. अर्धा दिवस जास्त लागे, पण बरोबर आपलं माणूस असे. यात काही चुकतंय असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. चोविसाव्या वर्षापर्यंत मलाही वाटलं नाही.

त्या वर्षी मातीच्या अभ्यासासाठी कोपनहेगनच्या विद्यापीठात माझी निवड झाली. दोन वर्षांची शिष्यवृत्ती, तिकिटाचा खर्चसुद्धा त्यांचाच. अट एकच होती: ठरलेल्या सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला. पत्र आलं तेव्हा मी आनंदानं रडले. बाबांनी ते माझ्याकडून दोनदा समजावून घेतलं आणि विचारलं, "सोबत कोन हाये?"

मला हसू आलं. पण ते थट्टा करत नव्हते.

आठ दिवसांत त्यांनी सोबत शोधून काढली. अमरावतीच्या आत्याच्या शेजारचे काका-काकू मुलाकडे जर्मनीला निघाले होते. जर्मनी आणि डेन्मार्क एकमेकांना लागून आहेत, हे बाबांनी माझ्या शाळेतल्या नकाशावर बोट ठेवून पाहिलं आणि निकाल लावून टाकला. मी काका-काकूंबरोबर फ्रँकफर्टला उतरायचं, त्यांच्या मुलाकडे मुक्काम करायचा, मग तो मला रेल्वेत बसवून देणार. ती रेल्वे म्हणे वाटेत आख्खी बोटीत शिरते आणि समुद्र ओलांडते. "विमान, रेल्वे, बोट, समदंच पाहून होईन तुहं," बाबा खुशीत म्हणाले. दुसरा रस्ता सरळ होता. मुंबईहून निघायचं, मधे एकदा विमान बदलायचं, की कोपनहेगन. त्यात खोट एवढीच की मी एकटी होते.

एकटं हा शब्द त्या वर्षांत आमच्याकडे फार जड झाला होता. कापसानं गावोगावची माणसं खचवली होती. घाटंजीकडे शेती करणाऱ्या माझ्या काकांना घरचे वावरातसुद्धा एकटं जाऊ देत नसत, कुणीतरी पाठोपाठ जाईच. बाबा आठवड्यातून दोनदा त्यांच्याजवळ नुसते बसायला जात. त्यामुळे त्यांची भीती मला कळत होती आणि मी फ्रँकफर्टला हो म्हणून बसले. त्या हो म्हणण्याचा मला आजही राग येतो.

मग अमरावतीहून काकूंचा फोन आला. त्यांचं संक्रांतीचं हळदीकुंकू राहिलं होतं. रथसप्तमीपर्यंत करता येतं, वाण आणून ठेवलंय, कॉलनीत बोलावणी गेलीत, तेव्हा जर्मनीचं तिकीट आठ दिवस पुढे ढकललंय. काकूंना त्यात वावगं काहीच वाटत नव्हतं. माझा सोमवार त्या वाणाबरोबर वाटला गेला होता.

"मंग कळव ना त्याईले," बाबा म्हणाले. "आठ दिवसानं येतो म्हन. कायले नाई म्हनतीन?"

"नाईच म्हनतीन, बाबा. जागा जाईन माही."

"जागेपरिस जीव मोठा हाये."

"जीव सांभाळून जाईन. पन सोमवारी तिथं हजर राहीन."

आई इतका वेळ तूर निवडत होती. मान वर न करता ती बाबांना म्हणाली, "काकू हळदीकुंकू सोडून नाई राह्यली, अन् पोरीनं कालेज सोडावं काय?" बाबा उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी यवतमाळला ट्रॅव्हल्सवाल्याकडे निघाले. तेवढ्यासाठीसुद्धा आमच्या शेजारची एक काकू सोबत यायला तयार झाली होती. ती साडी बदलायला घरात गेली आणि मी एसटीत जाऊन बसले. आपण बाईला फसवलं याचं वाईट वाटलं, पण उतरले नाही. "एकच सीट का?" ट्रॅव्हल्सवाल्यानं विचारलं. एकच, म्हटलं, आणि सरळ रस्त्याचं तिकीट घेऊन आले.

बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. नागपूरच्या विमानतळावर सोडायला मात्र आले. दारासमोरच्या रांगेतला एकेक चेहरा ते न्याहाळू लागले आणि माझं डोकं तापलं. सोबत शोधणं अजून संपलं नव्हतं.

रांगेत एक नऊवारीतली आजी रडत होती. मुंबईला लेकीकडे निघाली होती, पहिल्यांदाच विमानानं. तिच्या मुलाला आत सोडत नव्हते आणि ती त्याचा शर्ट सोडत नव्हती. बाबा त्यांच्याजवळ गेले, बराच वेळ बोलले, माझ्याकडे बोट दाखवलं. आता हे मला या आजीच्या स्वाधीन करणार, हे मी ओळखलं. चारचौघांत भांडण झालं तरी चालेल, पण आज ऐकून घ्यायचं नाही, असं ठरवून मी उभी राहिले.

बाबा आजीला घेऊन आले. तिचा हात त्यांनी माझ्या हातात दिला.

"रडू नका, माय," ते तिला म्हणाले. "माही पोरगी हाये ना सोबत. पार कोपनहेगनले जाऊन राह्यली, एकटी."