तिडाअक्कांनी अंगावर घेतलेली चूक

पिंप्राळ्यात तिडाअक्का आमच्या शेजारी राहायला आल्या, तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही नाकाला पदर लावला. ब्रह्मदेशात जन्मलेल्या, सिंगापूरच्या हॉटेलात स्वयंपाक केलेल्या या बाई आमच्या गल्लीतल्या मुलाशी लग्न करून आल्या होत्या, आणि त्यांच्या खिडकीतून सुक्या मासळीचा वास येत होता. आठवड्याने त्यांनीच मला वाटीभर रस्सा आणून दिला. त्यात केळीचा गाभा होता. घड कापल्यावर खोड बांधावर फेकणाऱ्या आम्ही. ते खाता येतं हे आम्हाला परक्या मुलखातल्या बाईंनी शिकवलं. मग मी त्यांच्या खानावळीतच कामाला लागले.

आज अक्कांची एकसष्टी. दर रविवारी त्या यावल, शिरपूरकडच्या खेड्यांत जातात, मजूर बायकांबरोबर चूल मांडतात. आधी विचारतात, "तुम्ही काय खाता?" मग आपलं सांगतात. या गौरव अंकात त्यांच्याविषयी चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला मात्र एकच गोष्ट लिहायची आहे, आणि ती छापून आल्यावर लोकांना तोंड कसं दाखवू, ही भीती आहे.

काही वर्षांपूर्वी आषाढी पौर्णिमेला आमच्या बुद्धविहारात जेवण होतं. अक्कांनी सातपुड्यातून बांबूचे कोवळे कोंब आणले होते. "दोनदा उकळ, पाणी फेक. त्यात विष," असं मला बजावून त्या भाताकडे गेल्या. पण आमच्याकडे पुरणाच्या डाळीचं पाणीसुद्धा वाया जात नाही, त्याची रस्सी, म्हणजे कटाची आमटी, होते. मी शहाणीने कोंबांच्या पाण्याला फोडणी दिली.

पंगत बसणार तोच अक्का आल्या.

"पाणी फेकलं?"

"नाही अक्का, रस्सी केली."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पातेलं उचलून अंगणात ओतलं. तेवढ्यात मघाशी चव घेऊन गेलेली माझी आई आत येत म्हणाली, "मी घोटभर लिधी व. कडू शे."

रिक्षातून दवाखान्यात जाताना मी रडत रडत आईचा श्वास मोजत होते. अक्कांनी तिचं मनगट सोडलं नाही. आईच मला म्हणे, "काबर रडी ऱ्हायनी?" संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी तिला नजरेखाली ठेवलं आणि मग घरी सोडलं.

इकडे विहारात कुजबुज पेटली होती. परदेशी बाईने विष घातलं, खानावळ बंद करा, असं लोक म्हणत होते. खानावळ गेली असती तर अक्कांना पिंप्राळा सोडावाच लागला असता. तरी दवाखान्यातून परत आल्यावर त्यांनी सगळ्यांपुढे हात जोडले. "चूक माझी. पाणी मी फेकलं नाही."

मी शेजारीच उभी होते. भीतीने मी खरं दडवलं. पुढे कित्येक महिने खानावळीत माशा मारत बसायची वेळ आली, पण अक्कांनी मला त्याबद्दल एका शब्दाने छेडलं नाही. आजही काहीजण दुसऱ्याने घास घेतल्याशिवाय त्यांनी वाढलेल्या ताटाला हात लावत नाहीत.

परवा आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईना पाय धर, मंग लिख." मला पाय धरायचा धीर झाला नाही, म्हणून आधी लिहिते आहे.

विहारातल्या बंधुभगिनींनो, ती रस्सी मी केली होती. अक्कांचा त्यात काही दोष नव्हता.

अक्का, आपणांस उदंड आयुष्य लाभो, आपली प्रकृती ठणठणीत राहो. आणि हे वाचून झाल्यावर, उद्या सकाळी, मला खानावळीचं दार उघडाल ना?