चुना लावलेलं जांभूळ

दिग्गी गावाकडं रस्ता काढायचं ठरलं तेव्हा ठेकेदाराला कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारा माणूस हवा होता. मी गेलो. बोलायला मला दोन्ही भाषा येत होत्या. ऐकून घेणं मात्र एकाही भाषेत जमत नव्हतं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मी कामाला लागलेला असे. घरचे त्याला हुशारी म्हणत.

ठेकेदाराचा कारभारी धारवाडकडचा. झाडांना चुन्याचे पट्टे ओढून झाल्यावर तो मला म्हणाला, "सुण्णा हच्चिद मर बिडब्याड." म्हणजे, चुना लावलेलं झाड सोडू नको. त्याच्या तोंडात तंबाखू होती, आणि कन्नडात नकार येतो शेवटी. मी नुसतं 'बिड' ऐकलं, म्हणजे सोड, आणि निघालो.

वाटेत माझं आजोळ. मामांच्या शेताच्या वर झरा होता आणि झऱ्याच्या तोंडावर जांभळाचं जुनं झाड. त्या पाण्यावर मामा उन्हाळ्यात मिरची काढायचे.

"रस्ता येतोय ते बरंच हाय रं," मामा म्हणाले. "तुझ्या मामीला दवाखान्याला डोलीतनं न्यावं लागतंय. पर आमचं जांबळ?"

"चुना लावल्यालं झाड सोडत्यात, मामा. कारभारीच बोललाय."

"आमच्या झाडाला कुटं लावलाय?"

"मग तुमी लावा की. कोन बघतंय?"

माझ्या अकलेवर मामी खूश झाली. तिनं घरातल्या पानाच्या चंच्या उलट्या केल्या, शेजारणींकडनं चुना मागून आणला, पाण्यात कालवला आणि जांभळाला पट्टा ओढला. कारभाऱ्याच्या पट्ट्यापेक्षा देखणा.

मग कारभाऱ्यानं पाठवलेले करवतवाले आले. मामा शेतातनं धावत वर पोचले तोवर करवत निम्म्या खोडात गेली होती.

"अरे, चुना हाय त्याला," मामा म्हणाले.

"म्हनून तर," करवतवाला म्हणाला.

आपल्याकडं फसवण्याला चुना लावणं म्हणतात, मामा बनवणंही म्हणतात. मी एका झाडात दोन्ही उरकलं, तेही सख्ख्या मामांवर. मी आडव्या झाडापाशी पोचलो. मामी म्हणाली, "बोला की त्याला कायतरी." मामा खाली वाकले आणि फांद्या गोळा करायला लागले.

रस्ता झाला. पुढं मामीचं दुखणं बळावलं तेव्हा त्याच रस्त्यानं तिला ट्रकमधनं नेली आणि ती वाचली, हे मला सांगितलंच पाहिजे. पण झाड पडलं त्याच वर्षी, रस्त्याचं काम चालू असतानाच, झरा होळीच्या आधी आटला. झाड गेल्यामुळंच, अशी शपथ मी घेणार नाही. मामांनीही कधी घेतली नाही. मिरचीचे वाफे तसेच पडले, आणि मामा खडी फोडायला आमच्या टोळीत आले.

सकाळी कामं वाटून द्यायची ती मीच. मी "मामा" म्हणून हाक मारली की ते "व्हय, साहेब" म्हणत पुढं येत. चेष्टा असेल म्हणून पहिल्यांदा मी हसलो. ते हसले नाहीत.

"साहेब कशाला म्हणताय, मामा?"

"मी कामावर हाय न्हवं," ते म्हणाले, आणि पाटी उचलून खडीच्या ढिगाकडं गेले.