तंकप्पनची भरलेली नडगी

आमच्या केरळातल्या कुट्टनाडात माडावर चढणाऱ्यांना सुरक्षेचे पट्टे मिळावेत म्हणून मी, एक शाळामास्तर, अर्जांमागून अर्ज केले. पट्टे आले आणि सरकारी कपाटात कुलूपबंद झाले. किल्ली बदली झालेल्या कारकुनाकडे! मधल्या काळात आमचा तंकप्पन माडावरून कोसळला आणि उजव्या नडगीच्या हाडाचा तुकडाच गमावून बसला.

तंकप्पन माडी काढणारा. त्याचे मुख्य हत्यार म्हणजे म्हशीचे पोकळ हाड. त्यात शिसे भरून तोंड बंद करायचे आणि त्याने माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, ठोकायची, की ती रस देते. ते हाड वडिलांनी त्याच्या हाती दिले, तेव्हापासून त्याने दुसरे काम केले नव्हते. करण्याची इच्छाही नव्हती.

इस्पितळात डॉक्टर अन्नम्मांनी त्याला पांढऱ्या खड्यांची कुपी दाखवली.

"तंकप्पनदादा, हे कारखान्यात केलेलं हाड. तुमच्या नडगीतली पोकळी यानंच भरलीय. याला बारीक छिद्रं आहेत. त्यांतून तुमचं स्वतःचं हाड वाढेल, आणि खडे हळूहळू विरून जातील."

"विरणार? मग भरलेत कशाला?"

"तुमच्या हाडाला आधार नको का? तोवर चढायचं नाही."

त्याने मान डोलावली, पण विश्वास आपल्या धंद्यावरच ठेवला. दुखणे थांबताच कुबडी टाकून स्वारी माडाच्या बुंध्याशी! त्याच्या बायकोच्या, विलासिनीच्या, आरोळीने मी आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाशी धावलो.

"चढू नका! मास्तर, बघा हो या माणसाला!"

"अगं, भरलंय ते हाड! भरलेलं हाड त्याच संध्याकाळी कामाला लागतं."

"ते म्हशीचं! ती म्हैस मेलेली होती. तुम्ही जिवंत आहात, म्हणून वेळ लागतोय!"

तिने त्याचे ठोकायचे हाड उचलले आणि तांदळाच्या पेटीत पुरले. तंकप्पन महिनोन्‌महिने त्या पेटीकडे पाहत जेवला.

अखेर तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. खड्यांच्या कडा पुसट झाल्या होत्या, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत हाड अखंड गेले होते!

"चढा," त्या म्हणाल्या. "पण पट्टा बांधून."

त्या दुपारी मी अर्ज लिहिला नाही. कचेरीच्या उंबरठ्यावरच बसलो आणि कपाटाचे कुलूप फुटेपर्यंत कुणाला आत-बाहेर जाऊ दिले नाही. पट्टा छातीशी धरून घरी आलो, तर माडाखाली अर्धा गाव जमलेला.

विलासिनीने तांदळातून हाड काढून पदराने पुसले. "घ्या. आणि आज एकच माड, कळलं?"

पट्टा बांधून तो चढू लागला. उजवा पाय खोडाला पायरीसारख्या बांधलेल्या काथ्याच्या पहिल्या वेढ्यावर टेकला. पाय टिकला. मग दुसरा वेढा, तिसरा. झावळ्यांत तो दिसेनासा झाला.

"काय हो?" विलासिनी ओरडली. "बोला की काहीतरी!"

वरून ठोकण्याचा आवाज आला, आधी अडखळत, मग त्याच्या नेहमीच्या ठेक्यात.