व्हिसाचा फॉर्म भरणारे काका

कापसाच्या त्या पडत्या वर्षांत कापसातली सरकी काढणारं जिनिंग बंद पडलं, तेव्हा तिथली वजनकाट्यावरची नोकरी गेलेल्या काकांनी पांढरकवड्याच्या स्टँडसमोर सायबर कॅफे टाकलं. फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न ते मोठ्याने वाचत. त्यामुळे माझं ठरलेलं लग्न कॅफेतल्या बाकावर नंबरची वाट बघणाऱ्या सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

माझा होणारा नवरा स्कॉटलंडचा. कापसाच्या अभ्यासासाठी इथं आला होता. तो परतल्यापासून दोन वर्षं आम्ही ई-मेलवरच भेटत होतो. लग्नासाठीच्या व्हिसाचा माझा अर्ज एकदा नाकारला गेला होता, नात्याचा पुरावा कमी पडला म्हणून.

"टुरिस्ट म्हणून जा न सरळ," बाकावरून कोणी म्हणालं.

"खोटं लिहून गेली तं दारातूनच वापस पाठवतीन," काका म्हणाले. "आपन खरंच लिहू."

पुराव्यासाठी सगळ्या ई-मेल छापायच्या होत्या. पहिल्या पानावरचं माझं लाडाचं नाव दिसलं आणि काकांचं वाचणं थांबलं. बाकावरच्यांना त्यांनी चहाला पिटाळलं आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. दोनशे पानं निघेपर्यंत ते वळले नाहीत. कागद संपला असं मी म्हटलं की पाठमोरेच हात मागे करून मला नवा गठ्ठा देत.

तीन महिन्यांनी व्हिसा आला. काकांनी पासपोर्टवरचा शिक्का बराच वेळ न्याहाळला.

"जाजो पोरी," ते म्हणाले. "पन ध्यानात ठेवजो, वापस यायले तुले कोनताच फारम भरा लागत नाही."