दगडाआत्याचा अंगठा

सुगतचं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. परभणीत पंख्याखाली बसायचं आणि नव्या रस्त्याबद्दल खेड्यातल्या माणसांना काय वाटतं, ते मोबाइलवर ओळखायचं. गावांचे व्हॉट्सअॅप ग्रुप, फेसबुकवरच्या शिव्या, सगळं चाळून रस्ता बांधणाऱ्या कंपनीला कळवायचं, हे गाव राजी, ते नाराज. राज्यशास्त्रात बी.ए. केल्याचं सार्थक झालं, असं तो येताजाता सांगत असे.

झरीकडच्या एका खेड्यात त्याची सख्खी आत्या, दगडाबाई, एकटी राहायची. रस्ता तिचं घर आणि रान यांच्या मधून जाणार होता, उंच भरावावरून. खालून बैलगाडीपुरता बोगदा ठेवला तर बरं, नाहीतर रानात जायला दीड कोसाचा वळसा. म्हातारीचे गुडघे गेलेले. आणि बोगदा ठेवायचा की नाही, हे लोकांचं मत बघून ठरणार होतं.

सुगतनं गावाच्या ग्रुपवर निरोप टाकला, "बोगद्याशिवाय रस्ता चालेल का? मत कळवा." भराभर अंगठे आले. दोन-चार पोरांनी वाकडं लिहिलं, पण अंगठ्यांपुढे त्यांना कोण विचारतो! त्यात आत्याचाही अंगठा होता. सुगतला नवल वाटलं, पण फोन करून विचारण्याची तसदी काही त्यानं घेतली नाही. गाव राजी म्हणून कळवलं, साहेबानं पाठ थोपटली, गडी फुगला. बोगदा नकाशातून गेला.

पुढे सवडीनं तो आत्याकडे गेला. तिनं गरम भाकरी वाढली आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "माझा भाचा रस्त्याच्या हापिसात हाय!" मग हळूच, "सुगत, बोगद्याचं तेवढं साहेबाच्या कानावर घाल बाबा. मला लय चालणं होत न्हाई."

त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. "आत्या, बोगदा नसला तरी चालतंय म्हणून तूच अंगठा दिलता की."

"मी? कवा?"

त्यानं मोबाइल दाखवला. ती खळखळून हसली. "येडा का काय! मला कुठं वाचता येतंय? निरोप आला की आमी आंगठा देताव, पोचला म्हनून. समदं गाव तसंच देतंय."

सुगतची मान वर होईना. हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच? त्याची आईसुद्धा पूर्ण्यात बसून प्रत्येक निरोपाला असाच अंगठा देते. पण गावात येऊन विचारायचा कंटाळा आणि शाबासकीची हाव! चारचौघांत नागवं उभं केल्यासारखी त्याला लाज वाटली. त्यानं सांगून टाकलं, की बोगदा गेला, आणि तो आपणच घालवला.

आत्याचं हसू विरलं. मोबाइल जवळ ओढून ती त्या अंगठ्याकडे बघू लागली.

"मंग परवा गल्लीतल्या तरण्या महारुद्रच्या मयताचा निरोप आलता, मला मागनं कळलं," ती म्हणाली. "त्यालाबी मी आंगठाच दिला की रं. माझं लेकरू मेलं ते बरं झालं म्हनती ही, असं धरलं आसंल का त्याच्या मायनं?"