केरबाने धरलेलं दारं

केरबा आमच्या खरेदी-विक्री संघाचं गोदाम सांभाळायचा आणि मी हिशेब विभागात. दोघांची घरं नांदेडला तरोडा नाक्याच्या पलीकडे एकाच गल्लीत, त्यामुळे त्याच्या घरातलं बरंवाईट मला माहीत असायचं.

बोलताना त्याचे हात आधी बोलायचे, तोंड मागून. पोतं फाटलंय एवढंच सांगायचं असलं तरी दोन्ही हातांनी पोतं उभं करून, फाडून, त्यातली तूर जमिनीवर सांडून दाखवायचा. हमाल चिडवायचे, "केरबा, तुझे हात बांधले तर तू मुका व्हशील." तो हसायचा. कारण सांगत बसायचा नाही.

कारण त्याची बहीण, सरजाबाई. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून वाचाही नाही. अर्धापूरकडच्या खेड्यात केळीच्या मळ्यात वाढली, शाळेत गेली नाही. कर्णबधिरांची शाळा असते हे त्या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. बहीणभावाने खेळता खेळता हातांची भाषा बनवली. केरबाच्या भुवईवर जखमेचा व्रण आहे. भुवईवरून बोट फिरवलं की 'केरबा'. आईवडिलांना ती भाषा अर्धीमुर्धी यायची, नवऱ्याला त्याहून कमी. मुलगा सत्यम, त्याला 'जेव', 'झोप', 'चल', 'थांब' एवढंच येतं. सरजाबाईला पडलेलं स्वप्न, तिचा रुसवा, तिची थट्टा हे सगळं समजणारा माणूस जगात एकच.

नवरा गेल्यावर सत्यमने तिला लातूरला नेलं. तो तिथे एका डाळ मिलमध्ये कारकून आहे. त्याच सुमारास केरबाच्या बायकोला, सिंधुला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. केरबाने मुदतीआधीच नोकरी सोडली. सिंधुला कुशीवर वळवायला, पाणी पाजायला माणूस लागतो. अर्धा दिवस घर सोडणं त्याला शक्य नव्हतं. लातूर काही लांब नाही, पण त्याच्यासाठी ते परदेश झालं.

म्हणून त्याने घरात इंटरनेटची जोडणी घेतली. वायफायची पेटी सिंधुच्या खाटेच्या उशाशी भिंतीवर बसवली. रोज दिवेलागणीला व्हिडिओ कॉल लागायचा आणि बहीणभाऊ हातवारे करत बसायचे. घरात आवाज नसायचा, फक्त केरबाच्या बाह्यांची सळसळ. गल्लीतल्या दोघा-तिघांनी पासवर्ड मागितला, त्याने देऊन टाकला. पासवर्डही कसला, सरजाचं नाव आणि तिच्या जन्माचं साल.

काही महिन्यांनी चित्र अडकायला लागलं. बोलता बोलता केरबाचा चेहरा तिकडे गोठायचा, हात हवेत थांबायचे. आपण अशा वेळी "हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणतो आणि पुन्हा फोन लावतो. सरजाबाईला 'नेटवर्क' हा शब्द कोण सांगणार? आणि त्या दोघांच्या भाषेत थांबलेल्या हातांना अर्थ होता. लहानपणी भांडण झालं की केरबा तिच्यासमोर दगडासारखं तोंड करून, हात न हलवता बसायचा. ऐकू न येणाऱ्या माणसाशी अबोला धरायचा तर हातच थांबवावे लागतात. आता तोच भाऊ, तेच दगडासारखं तोंड, रोज. म्हातारपणी भाऊ आपल्यावर रुसला, असं तिने धरलं.

पहिल्यांदा तिने हात जोडले. मग कान पकडले. नंतर फोन समोर आला की ती पदर डोळ्यांवर ओढायला लागली. आणि मग तिने जेवण सोडलं.

"मामा, आई घास घेईना," सत्यमचा फोन आला. "तिला शुगर हाय, गोळी घेते आन् वर काही खात न्हाई. काल चक्कर येऊन पडली. सलाईन लावलं."

"तिला घेऊन ये इकडं. आत्ता निघ."

"आणलं होतं ना स्टँडवर. नांदेडच्या गाडीकडं वळलो आन् फतकल मारून खालीच बसली. जो बोलत न्हाई त्याच्या दारात कशी येईल? लोकं जमले. म्हणून राहिले, पोरगा आईला कुठं हाकलून देऊन राहिलाय."

केरबा माझ्याकडे आला तेव्हा त्याचे हात खाली लोंबत होते. त्याला तसं मी कधी पाहिलं नव्हतं. "डॉक्टर म्हणतो, असंच चाललं तर अॅडमिट करा, आमचा भरवसा न्हाई. ती माझ्यापायी मरायली, आन् मी तिला साधं सांगू शकत न्हाई की मी रुसलो न्हाई."

जोडणी देणाऱ्या कंपनीचा माणूस भुजंग याला बोलावलं. त्याने केरबाच्या मोबाइलवर पेटीचं पान उघडलं आणि त्या घडीला कोणकोणते फोन जोडलेले आहेत ते दाखवलं. 'शेर', 'मम्मी का फोन', 'दुकान २' अशी नावं खाली खाली सरकतच गेली.

"काका, हे काय घर हाय का धर्मशाळा? लाईन चांगली हाय तुमची. संध्याकाळी सगळी गल्ली क्रिकेट बघती तुमच्यावर."

पासवर्ड बदलला. दोन दिवस चित्र नीट चाललं, पण त्या दोन दिवसांत सरजाबाईने पदर बाजूला केला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळे आत. पुन्हा बदलला, पुन्हा तेच. कोणी सांगितलं? केरबाने तर या खेपेला शब्दही उच्चारला नव्हता. तो गल्लीभर भांडत सुटला. किराणावाल्याला चोर म्हणाला. ज्या पोरांना अंगाखांद्यावर खेळवलं, त्यांच्या हातातले फोन हिसकावून बघितले. एकाच्या बापाने त्याची गचांडी धरली. "म्हातारपणी अक्कल गहाण टाकली का? घे, बघ फोन, आन् पुन्हा पायरी चढू नको."

मग एका दुपारी तो दवाखान्यातून सिंधुची औषधं घेऊन नेहमीपेक्षा लवकर परतला. शेजारची बाई सिंधुजवळ बसायला आली होती. गल्लीतल्या बाया अशा पाळीपाळीने यायच्या. वेणी घालायच्या, घोट घोट पाणी पाजायच्या. केरबा दारातच थांबला. सिंधुने डाव्या हाताने उशीखालचा फोन काढला, अंगठा लावून उघडला, आणि पडद्यावर तो काळापांढरा चौकोन आणून बाईसमोर धरला. बाईने आपला फोन त्यावर धरला. झालं. पासवर्ड कोणी उच्चारलाच नव्हता. जोडलेल्या फोनातून दुसऱ्या फोनात तो असाच जातो, हे केरबाला माहीत नव्हतं. सिंधुला कोणा पोरीने केव्हातरी शिकवलं होतं.

बाई गेल्यावर तो ओरडला. इतक्या वर्षांत बायकोवर असा ओरडला नसेल. "तिकडं माझी बहीण मरायली, आन् तू वाटून राहिलीस?"

सिंधु जड जिभेने एकेक शब्द ढकलत म्हणाली, "च... चहा करता येत न्हाई मला. बाई येती, घाण काढती. कोरडंच पाठवू?"

पण त्याने भुजंगला बोलावलंच.

"काका, नुसता पासवर्ड बदलून भागत न्हाई. एका फोनात गेला की गावात गेला," भुजंग म्हणाला. पेटीची स्वतःची जी किल्ली असते, म्हणजे तिच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड, तीही कंपनीने दिली तशीच होती. ती आधी बदलली, नाहीतर कोणीही आत येऊन सगळं पुन्हा उघडलं असतं. नवा पासवर्ड लांबलचक दिला, त्यात कोणाचं नाव नाही, गाव नाही, साल नाही. मग फक्त केरबाचा फोन नोंदवला. दुसरा कोणताही फोन, पासवर्ड मिळाला तरी, आत येणार नाही असं केलं. सिंधुच्या फोनचं काय, असं भुजंगने विचारलं. केरबा म्हणाला, "काढ."

सिंधुने भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी कोणी बाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. केरबा मला म्हणाला, "दोघीजणी माझ्याशी बोलत न्हाईत आता. एक लातुरात, एक खाटेवर."

चित्र आता स्वच्छ चालत होतं. पण बघणारीने डोळे झाकलेले. आणि तिने बघितलं तरी सांगायचं काय? 'मी रुसलो नाही' एवढं हाताने सांगता येतं. पण मग हात का थांबवलेस, याला खूण कुठून आणायची? पेटी, कंपनी, गल्ली, क्रिकेट यातल्या कशालाच त्यांच्या भाषेत खूण नव्हती.

भुजंग जाता जाता एक वाक्य बोलला होता. "वरच्यांनी ओढून घेतल्यावर टेलला काय येणार, काका?" ते केरबाच्या डोक्यात घोळत राहिलं. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. त्यांचा केळीचा मळा तिथेच होता. पाण्याची पाळी आली की केरबा वरच्या अंगाला पाटावर, आणि सरजा खाली फावडं घेऊन दारं धरायची. एक वाफा भरला की त्याचं तोंड, ते दारं, मातीने बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. हाक तिला ऐकू यायची नाही, म्हणून बांधावर उभं राहून खुणा. कोपरापासून हात पुढे लहरत नेला, बोटं हलवली की 'पाणी आलं'. तसाच हात नेऊन दुसऱ्या हाताने मनगटावर कापल्यासारखं केलं की 'पाणी तुटलं, वर कोणीतरी पाट फोडला'. त्या खुणेनंतर सरजा घरी जायची नाही. फावड्यावर हनुवटी टेकून तिथेच उभी राहायची, पाणी येईपर्यंत. मळा विकल्यापासून ती खूण कोणी केली नव्हती.

केरबाने दुपारभर ती करून बघितली. सिंधु भिंतीकडचं तोंड थोडं वळवून बघत होती.

त्याने सत्यमला फोन केला. "आज मी लावला की खोलीतला दिवा चालू-बंद कर. आमचा बाप तिला कंदील हलवून बोलवायचा."

मी त्या संध्याकाळी तिथे होतो. पडद्यावर पदराने झाकलेलं डोकं दिसत होतं. दिवा गेला, आला, गेला, आला. पदर हलला. सवयीने तिने वर बघितलं, आणि केरबाने हात पुढे लहरत नेला. हे चित्र मध्येच अडकलं असतं तर तिला 'पाणी आलं' एवढंच दिसलं असतं. अडकलं नाही. दुसरा हात आला आणि त्याने पाणी कापलं. मग दगडासारखं तोंड करून दाखवलं, हात हवेत थांबवले, आणि पुन्हा तीच खूण. पाणी तुटलं. पाणी तुटलं.

सरजाबाई बघत राहिली. खूप वेळ तिचं काही हललं नाही, तेव्हा केरबाने घाबरून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, चित्र अडकलं. मग तिने मान वर करून हात उघडला. पाट कोणी फोडला?

केरबाने हात गोल फिरवून सगळी गल्ली दाखवली.

तिने दोन्ही हातांनी नसलेलं फावडं उचललं आणि हवेत दणकन मारलं.

केरबा हसायला लागला आणि हसता हसता त्याने तोंड ओंजळीत धरलं. तिकडून सत्यमचा आवाज येत होता, "मामा, काय झालं? काय म्हणाली ती? मामा, ती ताट मागायली!"

चौथ्या दिवशी सकाळी पाळीने येणाऱ्या बायांतल्या बेगमबी आपा आल्या. दारातूनच तोफ सुरू. "काय रे केरबा, लई मोठा झालास? गल्लीला कुलूप लावून राहिलास?"

"आपा, नेट न्हाई आता. बसून काय करशील?"

"खाक पडो तुझ्या नेटला! माझ्याकडं साधा डबडा फोन हाय, दिसंना का तुला? घर चुन्याच्या पुताईला काढलं होतं म्हणून आले न्हाई." त्या आत शिरल्या, सिंधुची चादर ओढली. "अल्ला, पाठ बघा बाईची! सरक बाजूला, गरम पाणी आण."

पण बाकीच्या आल्या नव्हत्या, आणि एकट्या आपांच्याने रोज होणार नव्हतं. केरबाने भुजंगला पुन्हा विचारलं. त्या पेटीतच पाहुण्यांसाठी वेगळी वाट देता येते, हे तेव्हा कळलं. तिचा पासवर्ड वेगळा, तिला वेग मोजका, आणि दिवेलागणीला ती बंद. मोठी वाट केरबाच्या फोनापुरती राहिली. पाहुण्यांची वाट सिंधुच्या फोनात घातली.

"घे," तो म्हणाला. "आता ज्याला पाहिजे त्याला दे."

सिंधुने डावा हात उचलला आणि बोटं हलवत पुढे नेला. तिला खुणेचा तेवढाच भाग जमतो. कापायला दुसरा हात लागतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. किराणावाला अजून केरबाशी बोलत नाही. सरजाबाईची तब्येत पहिल्यासारखी झाली नाही, डाव्या डोळ्याला अंधुक दिसतं आणि तो आणखी जाईल असं डॉक्टर म्हणतात. डोळेही गेले तर खुणा बघायच्या कशाने?

परवा आमच्या रस्त्यात नालीसाठी खोदताना केबल तुटली. बहीणभाऊ बोलत होते, मध्येच चित्र थांबलं. थोड्या वेळाने सत्यमचा साधा फोन आला.

"मामा, फोन बंद करायला गेलो तर आईनं हातावर फटका दिला. तुमचा फोटो अडकलाय, त्याच्यासमोर हनुवटीला हात लावून बसलीय. जेव म्हणलं तर ताट तिथंच घेऊन बसली. तिला काय सांगू?"

"काही सांगू नको," केरबा म्हणाला. "ती दारं धरून हाय."