सात नंबरची हजेरी

पेनसिल्व्हेनियात शिकत असताना मला विद्यापीठाच्या ग्रंथालयात, जुन्या कागदपत्रांच्या विभागात अर्धवेळ काम मिळालं. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी; तालुक्याच्या शाळेतून तिथवर पोचलो याचंच अप्रूप होतं, म्हणून कुठलंही काम नको तितकं मन लावून करायचो. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटीचं काम आलं. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांनी एकमेकांना जन्मभरासाठी भाऊ मानायची संघटना. तिथल्या शाखेचा इतिहास तयार होत होता. मी वह्या लावायच्या आणि कॅसेट ऐकून उतरवून काढायच्या.

वह्या-कॅसेटचं खोकं घेऊन आले ते पहिल्या तुकडीतले शेवटचे हयात गृहस्थ. मी 'सर' म्हणालो तर हसले; मनात मात्र मी त्यांना आजोबाच म्हणू लागलो. "सर कसला? जन्मभर टपाल वाटलंय मी. या गावातलं एकूण एक नाव पाठ आहे." मग त्यांनी एक फोटो पुढे केला. घराच्या पायऱ्यांवर सात तरुण. मागे नावं सहा.

"हा टोकाचा," ते म्हणाले, "याचंच तेवढं आठवत नाही."

त्यांच्यात रीत अशी, की फ्रॅटर्निटीत प्रवेशाच्या आठवड्यांत एकमेकांना नावाने नाही, नंबराने हाक मारायची. हा सात. त्याच दिवसांत तो बर्फात बस पकडायला म्हणून निघाला आणि परत आला नाही. घरी पोचला का, तेही कळलं नाही. प्रवेश पुरा न करणाऱ्याचं नाव वहीत चढत नसे. इतकी वर्षं सगळे त्याला 'सात'च म्हणत राहिले, आणि नाव विसरून गेले.

"इतिहासात नाव नसलं तर तो नव्हताच, असं होईल. मी आहे तोवर शोध, बाळा."

मला माझे वडील आठवले. शाळेत घालताना मास्तरांनी त्यांची जन्मतारीख एक जून लिहिली, आणि नावही स्वतःला सुचेल ते. आजीने ठेवलेलं नाव आजीबरोबर गेलं.

विद्यापीठाच्या दफ्तरात त्या वर्षीचे कागद पाण्याने गेले होते. म्हणून कॅसेट ऐकायला घेतल्या. वार्षिक सभेत पहिल्या तुकडीपासून हजेरी होई; वारलेल्या भावाच्या नावाला हयात भावाने 'प्रेझेंट' म्हणायचं. पहिली सहाही नावं आली, सहाही वेळा आजोबांचाच खरखरीत आवाज. मग क्षणभर शांतता. आणि आणखी एक 'प्रेझेंट'. कोवळा आवाज, माइकच्या अगदी जवळ.

नाव तर कुणी पुकारलंच नव्हतं.

आदल्या वर्षीची टेप लावली. तीच जागा, तोच आवाज. त्याच्या आदल्या वर्षीचीही.

माझा नागपूरचा रूममेट म्हणाला, "अरे यार, जुन्याच कॅसेटवर रेकॉर्ड केलं असेल त्यांनी. खालचा आवाज राहतो."

"तिन्ही नव्या आहेत."

"मग काम सोड आणि घरी बसून पोळ्या लाट."

आजोबांना सांगितलं तेव्हा ते दचकले नाहीत. उलट खुर्चीत सैल झाले. "तुलाही ऐकू आलं? मला वाटायचं, मलाच येतं."

त्या काळी कृष्णवर्णीय मुलांना वसतिगृहात घेत नसत. ती गावातल्या एका बाईंच्या घरी राहायची; फोटोतल्या पायऱ्या त्याच घराच्या, आजोबा म्हणाले. त्या घरात आता बाईंची मुलगी राहत होती, तीही म्हातारी. शनिवारी दुपारी मी गेलो. तिने एक ट्रंक उघडली.

"सगळ्यांचं धुणं एकत्र व्हायचं, म्हणून आई उशांच्या अभ्र्यांवर नावं शिवायची."

अभ्रे सात. सहा धुऊन धुऊन विरलेले. सातवा कोरा करकरीत, घडीसकट. "याला आई हात लावू द्यायची नाही. म्हणायची, पोरगा आला की लागेल." निळ्या दोऱ्यात पूर्ण नाव होतं. ते इथे लिहीत नाही. ते आता त्यांच्या इतिहासात आहे.

तिथूनच मी आजोबांना फोन करून ते वाचून दाखवलं.  मग त्यांनी ते नाव दोनदा उच्चारलं, सावकाश, पाकिटावरचा पत्ता वाचावा तसं.

वसंतात सभा झाली. मला मागच्या रांगेत बसवलं होतं. सहा नावांना आजोबा 'प्रेझेंट' म्हणाले. सातवं नाव पहिल्यांदाच पुकारलं गेलं. कुणीतरी तोंड उघडलं, तर आजोबांनी हात वर करून थांबवलं. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो. खोली गरम करणाऱ्या रेडिएटरची टकटक तेवढी ऐकू येत होती. टेपवरही नंतर तेवढीच होती.

"गेला," ते म्हणाले. चेहरा पडला होता. "त्याला आनंद होईल असं वाटलं होतं मला. तो नुसता हाकेसाठीच थांबला होता."

निघताना त्यांनी माझा दंड धरला. "नाव तू आणलंस. पुढच्या वर्षी त्याच्यासाठी तूच बोल. मी सांगून ठेवतो."

पुढच्या वर्षी आजोबा नव्हते. सातव्या नावाला मी उभा राहिलो आणि 'प्रेझेंट' म्हणालो. सभेची कॅसेट नेहमीप्रमाणे माझ्याच टेबलावर आली. आता तीवर आजोबांचा आवाज निघाला तर, या विचाराने तेवढी एक मी दुसऱ्याला उतरवायला दिली.